मेथी कुणी खाल्ली?

आमच्याकडं बाळंतिणीच्या खोलीत मेथीचा वास आला नाही, तर बाळ बघायला आलेल्या बायका नाकं मुरडतात. आईनं काही केलेलं दिसत नाही गं, असं जिना उतरताना एकमेकींना सांगतात. मेथी, डिंक, खोबरं, गूळ. न्हाणं, शेक, धुरी, आणि सकाळ-संध्याकाळ एकेक लाडू. चार-पाच दिवसांत बाईच्या घामाला, दुधाला, पांघरुणाला तो वास लागतो आणि बाळाच्या दुपट्यालाही लागतो. कुणाला त्यात काही खटकत नाही. मलाही खटकलं नव्हतं, आणि मी तर विज्ञान शिकवते.

घरी नववी-दहावीच्या शिकवण्या घेते मी. पुढच्या खोलीत फळा, मागच्या दोन खोल्यांत संसार. पोरं मला टरकून असतात, कारण मी उत्तर बरोबर आलं तरी "का?" विचारते. नवरा चिंचोळीला एमआयडीसीत कामाला आहे. तो म्हणतो, तुझ्या ह्या "का"पायी एक दिवस देवसुद्धा क्लास सोडून जाईल. म्हणू दे. पण एका ठिकाणी मी "का" विचारलं नाही, आणि दुसऱ्या ठिकाणी उत्तर हातात असून चार महिने गप्प बसले. दोन्ही वेळा ते माझ्या बहिणीच्या बाबतीत घडलं.

बहीण माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. नऊ वर्षांपूर्वी तिला मुलगा झाला तेव्हा अम्मानं लाडू वळले, मेथी मी भाजली. पहिले तीन दिवस पोरगा नुसता गुबगुबीत, पदराखाली घेतला की लुचायला लागायचा. चौथ्या दिवशी तोंड फिरवायला लागला. पाचव्या दिवशी त्याचं रडणं चिरकं झालं, आणि मग तेही बंद पडलं. त्या दिवशी मी त्याचा लंगोट बदलत होते. इतका खमंग वास आला की मी हसून म्हणाले, "अगं, हा तर मेथीचा लाडूच झालाय!" सगळ्या हसल्या. बहीणही हसली. नवव्या दिवशी तो गेला. दवाखान्यात जंतुसंसर्ग म्हणाले. वासाचं कुणी डॉक्टरला सांगितलंच नाही, कारण त्याचं उत्तर आमच्याजवळ होतं. लाडवांचा डबा समोरच होता.

बहीण मामाच्या मुलाला दिलेली. आम्ही तेलुगू घरातले. मामाच्या मुलाचा मुलीवर पहिला हक्क, ही आमच्यातली जुनी रीत. मुलगी ओळखीच्या घरात जाते, सासू म्हणजे लहानपणापासूनची मामीच, म्हणून आईबापांनाही ते बरं वाटतं. तो हक्क खरं तर माझ्यावर होता, मी थोरली. पण मी तेव्हा बी.एस्सी.ला होते आणि भलतीच तोंडाळ होते. जमलेल्या सगळ्या माणसांसमोर मी पुस्तक उघडून दाखवलं. जवळच्या नात्यात लग्न केलं की आनुवंशिक आजारांचा धोका वाढतो, बघा, छापलंय! मामा ताटावरून उठून गेले. दोन वर्षांनी त्याच मुलाशी माझ्या बहिणीचं ठरलं. तेव्हा मी पुस्तक उघडलं नाही. आपण सुटलो, ह्यातच मी खूश होते.

बाळ गेल्यावर मामाच्या घरात एक वाक्य पक्कं झालं: रक्त एकच आहे, मूल टिकणार नाही. आधी कोण म्हणालं देव जाणे, पण मग सगळेच म्हणायला लागले. बहिणीनं ते ऐकून घेतलं आणि मुलाचा विषयच बंद केला. तिचा नवरा भला माणूस. दुसऱ्या लग्नाचं सुचवणाऱ्या आत्याला त्यानं असं फटकारलं की ती पुन्हा त्यांच्या दारात आली नाही.

मी नात्याबाहेर लग्न केलं. नवरा आमच्याच समाजातला, पण कुर्डुवाडीचा. खापरपणजोबांपर्यंत जाऊन शोधलं तरी नातं लागत नाही. मुलगी झाली. माझ्याही खोलीला मेथीचा वास होता आणि मुलगी ठणठणीत होती. मी मनात म्हणाले, बघा, पुस्तक खरं बोलतं. फार शहाणी समजायचे मी स्वतःला.

मुलीची एकच तऱ्हा होती. ताप आला, दोन दिवस पोटात काही गेलं नाही, की ती डुलायला लागायची. भिंत धरून चालायची, उगाच हसायची, उगाच चिडायची. ताप उतरला, जेवायला लागली, की पुन्हा जशीच्या तशी. अशक्तपणा आहे, सगळे म्हणायचे. मीही म्हणायचे.

ती चार वर्षांची झाली त्या संक्रांतीच्या सुमारास तिला मोठा ताप आला. तीन दिवस नुसत्या उलट्या. मग डुलणंही थांबलं. हाक मारली तरी डोळे उघडेना. दवाखान्यात सलाईन लावलं, रक्त घेतलं, ताप मेंदूत चढलाय का ते बघायला लागले. मी खाटेशेजारी बसून होते.

दुपारी फरशी पुसायला एक मावशी आली, वळसंगची. तिनं बादली ठेवली, नाक वर केलं.

"बाळंतीण कोन हाय हितं? लई मेथी खाल्लीया की."

मी वैतागून म्हणाले, "मावशी, हा लहान मुलांचा वॉर्ड आहे. इथं कुठली बाळंतीण?"

"न्हाय कसं? वास येतोय की. तुमच्याच खाटंकडनं येतोय बगा."

मुलीनं चादर ओली केली होती. मी वाकून वास घेतला. तो वास मला माहीत होता. पण घरात लाडू नव्हते, मेथी नव्हती, बाळंतीण नव्हती. ह्या वेळी माझ्याजवळ उत्तर नव्हतं, म्हणून मी पहिल्यांदा विचारलं: का?

चादर काढून तशीच हातात घेऊन मी डॉक्टरांच्या खोलीत घुसले. तिथला शिकाऊ डॉक्टर हसला, "मेथी?" पण शेजारी लिहीत बसलेल्या डॉक्टरबाईंचं पेन थांबलं. त्यांनी चादर नाकाशी धरली. ह्या बाईंनी इतक्या सगळ्यांसमोर मुताची चादर हुंगली, तेव्हाच मला त्या आवडल्या.

"घरात कुणी मेथी खाल्लीये?"

"नाही."

"तुमच्याकडं कुणाचं तान्हं बाळ गेलंय का? पहिल्या पंधरा दिवसांत?"

मी मान हलवली.

त्याच तासाला तिला तोंडावाटे, नळीवाटे जाणारी प्रथिनं बंद झाली, साखरेचं सलाईन वाढलं, रक्ताचा नमुना बाहेरगावी गेला. तिसऱ्या दिवशी मुलीनं डोळे उघडले आणि शेंगांची चटणी नि कडक भाकरी मागितली. मी रडत हसत होते. डॉक्टरबाई म्हणाल्या, "नेमकी तीच चटणी आता द्यायची नाही."

मग माझी शिकवणी सुरू झाली. प्रथिनं पचली की त्यांतले तीन घटक शरीराला पुढं मोडावे लागतात. ते मोडणारं एक विकर असतं. पुस्तकात विकर म्हणतात, पोरं एन्झाइम म्हणतात. ते नसलं की ते घटक रक्तात साठत जातात आणि मेंदूला सूज येते. आणि लघवीला वास येतो तो एका द्रव्याचा, जे खरोखरच मेथीतही असतं. हे ऐकून मी खुर्चीतच पुढं सरकले. तेच द्रव्य! मेथीच्या दाण्यात आणि माझ्या लेकीच्या चादरीत!

"आजाराचं नाव काय?"

परदेशातल्या कुठल्याशा झाडाच्या पाकाचं नाव होतं. मी म्हणाले, "तो पाक सोलापुरात कुणी बघितलाय? मेथीचं नाव दिलं असतं तर आमच्या आयाबायांना तरी कळलं असतं."

"नसतं कळलं," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडं मेथी घरात असतेच ना."



माझा खरा प्रश्न वेगळाच होता. आजार तोच, तर बहिणीचं बाळ नऊ दिवसांत गेलं आणि माझी मुलगी चार वर्षं अंगणात हुंदडत कशी राहिली? ती आज वाचली, पण उद्या? त्या बाळासारखीच ही जाणार असेल, तर मला ते आत्ता कळायला हवं होतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "ह्याचं उत्तर जनुकांत मिळेल. तुम्हा तिघांची तपासणी करू."

रिपोर्ट आला तेव्हा दहावीचे पेपर चालू होते. डॉक्टरबाईंनी आमचं विणकरांचं आडनाव बघून सुरुवात केली, "समजा मागावरचा एक धागा तुटला..."

"थांबा," मी म्हणाले. "माझ्या वडिलांचा धागा तुटला की ते गाठ मारायचे आणि पुढं विणायचे. इथं गाठ मारता येते का? नाही ना? मग सरळ सांगा."

नवऱ्यानं कपाळाला हात लावला. पण बाई हसल्या आणि त्यांनी सरळ सांगितलं. प्रत्येक जनुकाच्या आपल्याजवळ दोन प्रती, एक आईकडून, एक वडिलांकडून. एक बिघडली तरी दुसरीवर भागतं, म्हणून मला काही नाही, नवऱ्याला काही नाही. मुलीच्या दोन्ही बिघडलेल्या. जनुक एकच, पण बिघाड दोन वेगळे. माझ्याकडून आलेल्या प्रतीत मजकूर मध्येच संपतो, विकर तयारच होत नाही. नवऱ्याकडून आलेल्या प्रतीत एकच अक्षर बदललंय. विकर तयार होतं, पण हळू काम करतं.

हे मला लगेच समजलं, कारण मी रोज वह्या तपासते. "पाणी"चं "पाणि" लिहिलं तरी वाचता येतं. पण अर्ध्या शब्दावर पान फाटलं तर काय वाचणार? आम्ही घरात त्यांना मोठी चूक आणि छोटी चूक म्हणायला लागलो. नवरा तर फुशारकीच मारायचा, "माझी चूक छोटी, बरं का! ह्या घरात तेवढीच एक छोटी आहे."

"मग तापात का बिघडतं?" मी विचारलं.

"ताप असला, पोट उपाशी असलं, की शरीर स्वतःचेच स्नायू मोडायला लागतं. तीही प्रथिनंच. एरवी थोडक्या विकरावर भागतं, तेव्हा भागत नाही."

"म्हणजे हिचं सौम्य आहे."

"सौम्य म्हणजे नाही असं नव्हे. जपलंत तर शाळेत जाईल, मोठी होईल. एखादा ताप अंगावर काढलात तर हीसुद्धा जाऊ शकते. आणि नुसता रिपोर्ट बघून सगळं सांगता येत नाही. त्याच दोन चुका असलेली दोन मुलं वेगवेगळी वागतात. का, ते अजून आम्हालाही पुरतं कळलेलं नाही."

डॉक्टरनं "कळलेलं नाही" म्हटल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं. मला त्यांच्यावर विश्वास बसला.

मग त्यांनी कागदावर आमच्या घराची वंशावळ काढली. माझी मोठी चूक बहुतेक अम्माकडून आली. अम्माच्या भावाकडं, म्हणजे मामाकडंही तीच असणार. मामाच्या मुलाकडं तीच, माझ्या बहिणीकडं तीच. बाळाला दोन्ही बाजूंनी मोठी. बाळाची तपासणी कधी झाली नाही, त्यामुळं हे "बहुतेक"च. पण पेन बहिणीला आणि मामाच्या मुलाला जोडणाऱ्या रेषेवर टेकलं तेव्हा मी दुसराच हिशेब करत होते. त्या मुलाच्या शेजारी बहिणीच्या जागी मला ठेवून बघत होते.

"मी त्याच्याशी लग्न केलं असतं तर?"

"तर तुमच्याही बाळाला तीच भीती होती."

मग त्या म्हणाल्या, "बहिणीला सांगा. लवकर सांगा. दोघांचं रक्त तपासू. पुढं कधी तिला दिवस राहिले, तर अकराव्या-बाराव्या आठवड्यात पोटातल्या बाळाचंही तपासता येतं."

"तिला मूल नकोय."

"नकोय, की भीती वाटतेय? ते तिला ठरवू द्या."

मी हो म्हणाले, आणि सांगितलं नाही.

मुलीला प्रथिनं पचत नाहीत, एवढं बहिणीला माहीत होतं. पुढचं मी गिळून टाकलं. प्रत्येक तपासणीला डॉक्टरबाई विचारायच्या आणि मी "सांगते, सांगते" म्हणायचे. कारणं माझ्याकडं ढीगभर. आधी परीक्षा, मग निकाल, मग तिच्या सासूचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. खरं कारण एकच. तिनं तो हिशेब केला असता: अक्का, तू पुस्तक दाखवून सुटलीस आणि तुझ्या वाट्याचं माझ्या पदरात पडलं. मला ते तिच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. मी भित्री आहे, हे मला वयाच्या अडतिसाव्या वर्षी कळलं.

आणि खोटं कशाला बोलू, मला त्या सगळ्याचा नादही लागला होता. शिकवणी सुटली की मी मोबाइलवर वाचत बसायचे. एका अक्षरानं विकराचा आकार कसा बदलतो, एखाद्या मुलाला नुसत्या जीवनसत्त्वानं फरक का पडतो. नवरा म्हणायचा, "पीएच.डी. झाली असेल तर चहा टाक." लेकीच्या अक्षरांत मी इतकी गुंतले की बहिणीचीही तीच अक्षरं आहेत, हे सोयीस्कर विसरायला लागले.

आषाढातल्या एका बुधवारी दुपारी बहीण आली. न सांगता आली. मी छोट्या वजनकाट्यावर मुलीची डाळ मोजत होते. मुलगी "पिन्नी, पिन्नी" करत मावशीला बिलगली. बहीण नेहमीसारखी हसली नाही. खुर्चीवर बसून काट्याकडं बघत राहिली.

"एवढीशीच डाळ?"

"एवढीच."

"हे हिला कुठनं आलं गं, अक्का?"

चार महिने मी ज्याला भीत होते, तो प्रश्न तिनं असा डाळीवरून विचारला. खोटं बोलायला माझी जीभ वळेना. मी मुलीला आत पाठवलं, फळा पुसला आणि खडू घेतला.

सगळं सांगितलं. विकर, मोठी चूक, छोटी चूक. हे बहुतेक आहे, तुमचं तपासलं तर नक्की कळेल, हेही सांगितलं. तिच्या बाळाचा वास सांगितला, आणि मी तेव्हा काय म्हणून हसले होते, तेही सांगितलं. ती रडली नाही. मग मी दहावीला दरवर्षी काढते ती चार घरांची चौकट काढली. वरती तिचा नवरा: एक मोठी चूक, एक चांगली प्रत. डावीकडं ती: एक मोठी चूक, एक चांगली प्रत. घरं भरली, खडू ठेवला, आणि फळ्याकडंच तोंड करून उभी राहिले. आता ती म्हणणार, अक्का, तू सुटलीस, हे मी धरून चालले होते.

ती उठून फळ्याजवळ आली.

"हे घर माझ्या बाळाचं," तिनं पहिल्या घरावर बोट ठेवलं. "दोन्ही मोठ्या."

"हो."

"आणि ही बाकीची?"

"ह्या दोन घरांत एकेक चूक. तुझ्यामाझ्यासारखी, त्यांना काही होत नाही. आणि ह्यात एकही नाही."

"म्हणजे ही तिन्ही जगतात?"

"हो. म्हणजे ओळीनं एक गेलं, तीन राहिली असं नाही. दर वेळी नव्यानं चार घरं. दर वेळी चारांत तीन."

"तीन," ती म्हणाली. "आमच्या घरात तर एकही नाही म्हणतात."

तिनं त्या तिन्ही घरांवरून बोट फिरवलं.

"अक्का, हे तुला कधी कळलं?"

"पेपरांच्या दिवसांत."

तिनं बोटांवर महिने मोजले. मार्च, एप्रिल, मे, जून. चारही बोटं मिटून तिनं मूठ तशीच धरून ठेवली. मला वाटलं, आता ती मला मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"मी तुला बोलवायला आले होते," ती म्हणाली. "परवा, शुक्रवारी. ह्यांना कामावरून सुट्टी नाही. एकटीला भीती वाटत होती, म्हणून म्हटलं अक्का येईल सोबत."

"कुठं?"

"नववा आठवडा चालू आहे मला. पाडायचं ठरवलंय. राहिलं तर पुन्हा नऊ दिवस बघायला लागेल, ते मला झेपणार नाही म्हणून."

मी खाली बसले, तिथंच फरशीवर. ती मात्र उभी होती, मूठ तशीच मिटलेली.

"रडू नको आता," ती म्हणाली. "त्या डॉक्टरबाईंना फोन लाव. आत्ता लाव."

माझ्या बोटांना खडू लागलेला, दोनदा भलताच नंबर लागला. शेवटी तिनं फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि स्वतःच लावला.